थंडीतील पिसझड : बोडकी कोंबडी विकण्यापूर्वी पंख उघडून पाहावा

कार्तिक सरून मार्गशीर्षाची थंडी पडू लागली, की परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांमधून पशुवैद्यकीय दवाखान्याकडे आणि गावातील पशुसखीकडे एकाच स्वरूपाची तक्रार येऊ लागते. कोंबडीची पिसे झडत आहेत, मानेवर व पाठीवर कातडी उघडी पडली आहे, तुरा फिका पडून आकसला आहे आणि आठ-दहा दिवसांपासून अंडे नाही. अशा कोंबडीविषयी घरात सहसा दोनच निर्णय होतात. एक तर तिला रोग झाला असे समजून दुकानातून एखादे प्रतिजैविक आणून पाण्यात मिसळले जाते. नाहीतर ती आता संपली असे ठरवून दारावर आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने दिली जाते. बहुतेक वेळा हे दोन्ही निर्णय चुकीचे ठरतात. त्यातही दुसऱ्या निर्णयाचे नुकसान अधिक असते, कारण थंडीत कळपातील सर्वांत बोडकी दिसणारी कोंबडी पुष्कळदा त्याच कळपातील सर्वांत जास्त अंडी देणारी कोंबडी असते.

हे नुकसान एका घरापुरते लहान दिसते. परंतु २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ३१.७ कोटी आढळली असून ती आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी अधिक आहे. या पक्ष्यांचा सांभाळ बहुतांशी घरातील स्त्रिया करतात आणि त्यांच्या अंड्यांचे पैसे बहुधा त्यांच्याच हाती राहतात. थंडीत अंड्यांना मागणी वाढते, नेमकी त्याच वेळी अंडी बंद होतात, आणि म्हणूनच कोंबडी विकून टाकण्याचा मोह त्या दिवसांत सर्वाधिक असतो. विस्तार कार्यकर्त्याने या काळात घरी जाऊन कोंबडीचा पंख उघडून पाहण्याची पद्धत शिकवली, तर कोणती कोंबडी ठेवायची आणि कोणती काढायची हा निर्णय अंदाजाने न होता खुणा पाहून होऊ शकतो.

पिसे का झडतात

पानझडीच्या वृक्षाप्रमाणे प्रौढ कोंबडीही वर्षातून एकदा आपला जुना पोशाख टाकून नवा घेते. वर्षभर धुळीत लोळून, काट्याकुट्यांतून हिंडून, खुराड्याच्या फळ्यांना घासून पिसे विरलेली असतात. विरलेले पीस पुन्हा दुरुस्त होत नाही, कारण पूर्ण वाढलेले पीस ही नखासारखी निर्जीव रचना असते. ते टाकून त्याच मुळातून नवे उगवणे एवढाच मार्ग पक्ष्याला उपलब्ध असतो.

हे केव्हा करायचे याचा इशारा प्रामुख्याने दिवसाच्या लांबीतून मिळतो. कोंबडी प्रकाश केवळ डोळ्यांनी ओळखत नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाशही मेंदूतील संवेदी पेशींपर्यंत पोहोचतो. दिवस मोठे होत असताना या पेशींच्या प्रेरणेने प्रजननाची संप्रेरके वाढतात आणि अंडी सुरू होतात. दिवस लहान होऊ लागले, की ती ओसरतात, अंडाशय व अंडवाहिनी आकसतात आणि अवटू ग्रंथीच्या संप्रेरकांच्या प्रभावाखाली जुनी पिसे सुटून नवी पिसे वाढू लागतात. तुरा फिका पडणे हा याच बदलाचा बाहेरून दिसणारा भाग आहे. त्यात रोगाचा काही संबंध नसतो.

देशाच्या सर्व भागांत हा इशारा सारखा तीव्र नसतो, ही गोष्ट विस्तार साहित्यात पुष्कळदा सुटून जाते. डिसेंबरच्या अखेरीस श्रीनगर येथे दिवस दहा तासांहूनही थोडा कमी असतो, दिल्लीत सुमारे १० तास २० मिनिटे, पुण्यात सुमारे ११ तास, तर तिरुवनंतपुरम येथे साडेअकरा तासांहून अधिक. त्यामुळे काश्मीर, हिमाचल, पंजाब व उत्तर प्रदेशात कळपातील बहुतेक प्रौढ कोंबड्या शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत जवळपास एकाच सुमारास पिसे टाकताना दिसतात. महाराष्ट्रात हे चित्र थोडे विस्कळीत होते. केरळ व तमिळनाडूच्या दक्षिण भागात तर दिवसाच्या लांबीपेक्षा खाद्याची टंचाई, पावसाळ्यातील ओल, पाण्याविना गेलेला एखादा दिवस किंवा पिले वाढवण्याचा ताण ही कारणे अधिक प्रभावी ठरतात आणि पिसझड वर्षभर विखुरलेली आढळते. उत्तरेकडील पुस्तकातील वेळापत्रक दक्षिणेत जसेच्या तसे लावू नये.

वयाचाही विचार करावा लागतो. त्याच वर्षीच्या फाल्गुन-चैत्रात जन्मलेली तलंग पहिल्या हिवाळ्यात सहसा पूर्ण पिसे टाकत नाही. ती अंडी देत राहते. वाढीच्या वयात पिले दोन-तीन वेळा पिसे बदलतात, पण ती गोष्ट वेगळी. पूर्ण पिसझड अपेक्षित असते ती एक हंगाम अंडी दिलेल्या कोंबडीत.

देशी कोंबडीत आणखी एक गुंतागुंत असते. ती दहा-पंधरा अंडी देऊन खुडूक बसते, आणि खुडूक बसण्याच्या काळात पोटाखालची पिसे गळून तेथील कातडी उघडी होते, जेणेकरून अंड्यांना थेट ऊब मिळावी. ही पिसझड नव्हे. मात्र पिले वेगळी झाल्यानंतर अशी कोंबडी खऱ्या अर्थाने पिसे टाकू शकते, मग महिना कोणताही असो. वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित वाणांत खुडूक बसण्याची प्रवृत्ती कमी असल्याने त्या दीर्घकाळ सलग अंडी देतात, आणि त्यांची पिसझड आली की ती ठळकपणे जाणवते. पिढीजात मानेवर पिसेच नसलेल्या कोंबड्याही देशाच्या अनेक भागांत आहेत. त्यांची उघडी मान पाहून औषध आणायला धावलेले पालक विरळा नाहीत.

अंडे आणि पीस एकाच कोठीतून

कोंबडी एकाच वेळी अंडीही देईल आणि पिसेही उगवील अशी अपेक्षा का धरू नये, हे साध्या हिशेबाने समजते. पिसांचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण चार ते आठ टक्के भरते. दोन किलोच्या कोंबडीच्या अंगावर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पिसे असतात असे धरले, तर त्यांतील ८५ टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांचा, म्हणजे शंभर ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने. एका मध्यम आकाराच्या अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. याचा अर्थ, नवा पोशाख विणायला कोंबडीला किमान सोळा-सतरा अंड्यांइतकी प्रथिने अंगात साठवावी लागतात. खाल्लेल्या प्रथिनांपैकी सर्वच काही पिसांत उतरत नसल्याने खाद्यातून त्याहून बरीच अधिक लागतात. शिवाय ही प्रथिने कोणतीही असून चालत नाहीत. पिसांचे केराटिन गंधकयुक्त अमिनो आम्लांनी समृद्ध असते आणि ती पुरवणारे मेथिओनिन मका, ज्वारी व तांदळाच्या कण्यांत अत्यल्प असते.

आता या काळातील परसाकडे पाहावे. थंडीत किडे, वाळवी, गांडुळे कमी सापडतात. हिरवळ उत्तरेत गारठलेली, दख्खनच्या कोरडवाहू भागात वाळू लागलेली. घरातून टाकले जाते ते धान्य, ज्यात प्रथिने आठ ते अकरा टक्के. गरज वाढलेली आणि पुरवठा घटलेला अशा कोंडीत सापडलेली कोंबडी पिसे हळूहळू, अपुरी व ठिसूळ उगवते. दोन-अडीच महिन्यांत संपणारे काम चार महिने रेंगाळते, आणि मग पालक म्हणतो की हिची अंडी बंदच झाली.

पंखातील नोंद

कोंबडी सध्या अंड्यावर आहे की नाही हे ओळखण्याच्या नेहमीच्या खुणा सर्वांना ठाऊक असतात: लाल व भरलेला तुरा, ओलसर व रुंद गुदद्वार, शेपटीखालील दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटांचे अंतर. पिसझडीत मात्र या सर्वच खुणा मावळतात. उत्तम कोंबडी आणि निकस कोंबडी दोघींचीही हाडे जवळ येतात, दोघींचाही तुरा आकसतो. अशा वेळी मागील काळाची नोंद शिल्लक राहते ती एकट्या पंखात.

पंख हलक्या हाताने उलगडला, की बाहेरच्या बाजूस दहा मोठी उड्डाणपिसे आणि आतल्या बाजूस दुय्यम पिसांची रांग दिसते. या दोन गटांच्या सांध्यावर एक आखूड पीस असते. मोजणी तेथून सुरू करून पंखाच्या टोकाकडे जावे. शरीरावरील पिसे साधारणपणे डोके, मान, छाती, पाठ या क्रमाने झडतात आणि पंख व शेपटीची पाळी शेवटी येते. पंखात आखूड पिसाला लागून असलेले पहिले उड्डाणपीस आधी पडते, नंतर दुसरे, आणि असे टोकापर्यंत. नवे पीस स्वच्छ, चकचकीत व रुंद असते, त्याची नळी मऊ आणि बुडाशी निळसर-तांबूस दिसते. जुने पीस फिके, कडांना झिजलेले, आणि त्याची नळी कोरडी व पारदर्शक असते.

उड्डाणपीस पूर्ण वाढायला सुमारे सहा आठवडे लागतात. पैकी दोन-तृतीयांश लांबी पहिल्या तीन आठवड्यांतच येते. पिसे एकेक करून पडत असतील तर दोन पिसांमध्ये साधारण दोन आठवड्यांचे अंतर असते. म्हणजे पहिल्यासाठी सहा आणि उरलेल्या नऊंसाठी प्रत्येकी दोन आठवडे धरले, तर एकूण चोवीस आठवडे होतात. हीच दहा पिसे तीन गटांत पडली, तर सहा अधिक चार, अशा दहा आठवड्यांत काम पूर्ण होते. हा अंदाजे हिशेब आहे. पण त्यातून दोन कोंबड्यांमधील फरक डोळ्यांसमोर येतो.

कमी अंडी देणारी कोंबडी आषाढ-श्रावणातच पिसे टाकायला लागते, एकेक टाकते, आणि पौष उजाडेपर्यंत तिचा नवा पोशाख जवळपास पूर्ण होतो. दिसायला ती कळपातील सर्वांत देखणी असते, मात्र पाच-सहा महिने तिने अंडे दिलेले नसते. भरपूर अंडी देणारी कोंबडी आश्विन-कार्तिकापर्यंत अंडी देत राहते, तिची जुनी पिसे तोवर पार फाटून गेलेली असतात, आणि मग ती एकदम, पुंजक्यांनी पिसे टाकते. त्या दोन-तीन आठवड्यांत ती विद्रूप दिसते. नेमक्या याच वेळी व्यापारी दारात येतो. पालक देखणी कोंबडी राखून विद्रूप कोंबडी काढून देतो, आणि अशी निवड चार-पाच वर्षे होत राहिली तर कळपाची अंडी का घटली याचे कारण कोणालाच सापडत नाही.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत पंख उघडल्यावर लागोपाठची तीन-चार पिसे सारख्याच लांबीची, कोवळी आणि एकत्र वाढताना दिसली, तर ती गटाने पिसे टाकणारी कोंबडी होय, तिला ठेवावे. पिसांची लांबी जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत गेलेली दिसली, म्हणजे पहिले पूर्ण, दुसरे थोडे कमी, तिसरे त्याहून कमी, तर ती एकेक टाकणारी. काढायचीच असेल तर ती काढावी. त्यापूर्वी तीन गोष्टी मात्र विचारून घ्याव्यात: कोंबडीचे वय किती, मधल्या काळात ती पिलांवर होती का, आणि कळपावर पाणीटंचाई, स्थलांतर किंवा आजार असा काही प्रसंग आला होता का. या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल किंवा वय वेगळे असेल, तर पंखावरून काढलेला निष्कर्ष सैल धरावा. सारख्या वयाच्या, एकाच खुराड्यातील कोंबड्यांची आपसांत तुलना करणे हाच या पद्धतीचा योग्य वापर आहे.

पिसझड की आजार

पिसझडीतील कोंबडी थोडी अबोल होते, कोपऱ्यात राहते, हात लावू देत नाही. पण खाते, पाणी पिते, डोळे टवटवीत असतात आणि विष्ठा नेहमीसारखी असते. पिसे शरीराच्या दोन्ही बाजूंनी साधारण सारखी जातात. उघड्या कातडीकडे बारकाईने पाहिल्यास तेथे टाचणीसारख्या नव्या पिसांच्या खुंट्या उगवलेल्या दिसतात. ही खुंटी दिसली, की काळजीचे बरेचसे कारण संपते.

केवळ गुदद्वाराभोवती पिसे विरळ झाली असतील, कातडी लाल असेल आणि पिसांच्या बुडाशी पांढरट अंड्यांचे पुंजके चिकटलेले असतील, तर त्या उवा होत. लाल माइट दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडत नाही; तो खुराड्याच्या भेगांत दडतो आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितो. अंधार पडल्यावर दांडीच्या खालच्या बाजूस पांढरे फडके फिरवल्यास त्यावर रक्ताचे बारीक डाग उमटतात. कंबरेवरची पिसे मुळातून न जाता मध्येच तुटलेली असतील, तर कोंबड्याच्या पंज्यांचा तो परिणाम असतो, आणि शेपटीच्या बुडाशी जखमा असतील तर आपसांतील टोचाटोचीचा.

हिरवट पातळ विष्ठा, श्वास घेताना आवाज, मान वाकडी होणे आणि एकापाठोपाठ मृत्यू ही राणीखेत अर्थात मानमोडीची लक्षणे आहेत. थंडीच्या दिवसांत स्थलांतरित पक्षी येतात आणि बर्ड फ्लूचा धोकाही याच काळात वाढतो. देशातील त्याचा पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला होता. अचानक अनेक पक्षी दगावले तर पिसझडीचा विचार बाजूला ठेवून मृत पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

यांपैकी काहीच नसेल तर औषधाची गरज नाही. पिसझडीवर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग होत नाही. त्याने पैसा जातो आणि जंतूंमध्ये औषधाला न जुमानण्याची क्षमता मात्र वाढीस लागते. बाजारात पिसे लवकर येण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रव टॉनिकांबद्दलही फारसे वेगळे सांगता येणार नाही. बाटलीच्या किमतीत जेवढी पेंड येते, तेवढी पेंड कोंबडीच्या अधिक कामी येते.

आहार

बंदिस्त कोंबड्यांना या काळात एकूण खाद्यात १८ ते २० टक्के प्रथिने मिळावीत. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचे सगळे खाणे मोजता येत नाही, म्हणून तिला दररोज साठ-सत्तर ग्रॅम पूरक मिश्रण द्यावे. शंभर भागांच्या मिश्रणात मका, बाजरी किंवा ज्वारीचा भरडा ५५ भाग, सोयाबीन अथवा शेंगदाण्याची पेंड २५ भाग, गव्हाचा किंवा भाताचा कोंडा १३ भाग, सुकी मासळी ५ भाग आणि खनिज मिश्रण २ भाग असे प्रमाण ठेवल्यास प्रथिनांचे प्रमाण विसाच्या आसपास राहते. दहा आठवड्यांसाठी एका कोंबडीमागे असे साडेचार-पाच किलो मिश्रण लागेल. नवी तलंग अंड्यावर येईपर्यंत पाच-सहा महिने खाऊ घालावे लागते. त्या खर्चाशी याची तुलना करून पाहावी.

घटक निवडताना काही पथ्ये आहेत. कच्चे सोयाबीन दळून देऊ नये. त्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात, म्हणून ते भाजून किंवा उकडून घ्यावे, अथवा तेल काढलेली पेंडच वापरावी. शेंगदाणा पेंड ओलसर ठिकाणी ठेवली की तिला बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिनची विषबाधा होते. कुबट वास येणारी किंवा हिरवट-काळसर डाग पडलेली पेंड स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. तीळ व सूर्यफुलाच्या पेंडीत मेथिओनिन तुलनेने अधिक असल्याने सोया पेंडीचा थोडा भाग त्यांनी बदलणे हितावह ठरते. किनारपट्टीवर जवळा, सुकट सहज मिळते. परंतु खारवलेली मासळी असेल तर ती पाण्यात भिजवून, मीठ उतरवून, पुन्हा वाळवूनच मिसळावी, कारण मीठ जास्त झाल्यास कोंबड्या दगावतात. मासळी न वापरणाऱ्या घरांनी तेवढा भाग तीळ पेंडीचा वाढवावा.

अ‍ॅझोलाविषयी मात्र थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. त्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात हे खरे, पण ते वाळवलेल्या वजनावर. ताज्या अ‍ॅझोलात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. शंभर ग्रॅम ताजा अ‍ॅझोला दिला तर प्रथिने जेमतेम दीड ग्रॅम मिळतात. शिवाय कडक थंडीत त्याची वाढ मंदावते. हिरवा चारा म्हणून तो उत्तम आहे. पेंडीला पर्याय म्हणून त्यावर विसंबून राहू नये.

सकाळी प्रथम मिश्रण द्यावे आणि मूठभर अख्खे धान्य सायंकाळी, खुराड्यात शिरण्यापूर्वी टाकावे. अख्खे धान्य सावकाश पचते आणि त्या उष्णतेचा रात्री आधार होतो. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. अंडे बंद असताना त्याची गरज नसते, म्हणून शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवावा. कोंबडी आपल्या गरजेप्रमाणे तो घेते. डोंगराळ भागात सकाळचे पाणी बर्फासारखे गार असते आणि कोंबड्या ते पीत नाहीत. पाणी कमी झाले की खाणेही कमी होते. तेथे पहिले पाणी कोमट करून द्यावे.

व्यापारी संचांत काही ठिकाणी कोंबड्यांना उपाशी ठेवून एकाच वेळी पिसे झडवण्याची पद्धत वापरली जात असे. ती ऐकून परसातील कोंबड्यांवर प्रयोग करणारेही भेटतात. पाळीव प्राण्याला पुरेसे अन्नपाणी न देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार अपराध आहे, आणि पाच-दहा कोंबड्यांच्या कळपात त्यातून मिळण्यासारखेही काही नाही.

निवारा व हाताळणी

कोवळ्या पिसाच्या नळीत रक्तवाहिनी असते. ती दाबली गेली की कोंबडीला वेदना होतात, तुटली की रक्तस्राव होतो, आणि रक्त दिसले की इतर कोंबड्या तेथेच टोचू लागतात. म्हणून पंख पाहण्याचे काम एकदाच, शांतपणे करावे. एरवी कोंबडी धरू नये, पोत्यात घालून बाजाराला नेऊ-आणू नये, कळपात नवा पक्षी सोडू नये. रक्त आलेच तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे, हळद लावावी आणि जखम सुकेपर्यंत कोंबडी डालग्याखाली वेगळी ठेवावी.

खुराड्यात वारा कोंबड्यांच्या उंचीवर थेट लागू नये, पण वरच्या बाजूची झरोक्यासारखी जागा उघडी असावी. थंडीच्या भीतीने खुराडे प्लास्टिकने चहूबाजूंनी गुंडाळले, तर विष्ठेतील अमोनिया व दमटपणा आत कोंडतो आणि सर्दीचे आजार त्यातूनच होतात. सकाळी दार उघडताच डोळे चुरचुरत असतील तर हवा अपुरी आहे. जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार इंच पसरून ती गादी कोरडी राखावी. बंद खुराड्यात कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्या वायूने रात्रीत सगळा कळप मेल्याचे ध्यानातही येत नाही. ऊब मिळावी म्हणून एलईडी दिवा टांगणेही निरर्थक आहे. तो उजेड देतो, उष्णता जवळपास देत नाही.

उवा व माइटसाठी औषध कोंबडीच्या उघड्या कातडीवर लावण्याऐवजी आधी खुराड्याकडे वळावे. भेगा खरवडून चुना लावावा, दांड्या उन्हात टाकाव्यात, आणि राख व कोरडी माती मिसळून धूळस्नानाची जागा करून द्यावी. जंतनाशक पिसझड सुरू होण्याआधी, भाद्रपदाच्या सुमारास दिलेले बरे. फेनबेंडाझोल या औषधाचा वाढत्या पिसांवर विपरीत परिणाम होतो असे कबुतरवर्गीय पक्ष्यांत दिसून आले आहे; त्यामुळे पिसे उगवत असताना जंतनाशक द्यायचेच झाले तर पशुवैद्यकाला विचारून द्यावे. राणीखेतची लसही शक्यतो आधीच उरकावी. शेजारच्या गावात साथ असेल, तर मात्र पिसे झडत आहेत म्हणून लस टाळू नये. तेथेही पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

पुन्हा अंड्यावर

नवी पिसे भरली, की प्रथम तुऱ्याला लाली येते, मग शेपटीखालची हाडे सैल होतात. चांगल्या कोंबडीत हे आठ ते बारा आठवड्यांत घडते. सुरुवातीची एक-दोन अंडी लहान किंवा मऊ कवचाची निघू शकतात. त्यानंतरची अंडी पिसझडीपूर्वीच्या अंड्यांपेक्षा आकाराने मोठी व कवचाने मजबूत असतात, जरी एकूण संख्या पहिल्या वर्षापेक्षा थोडी कमी राहते. कोंबडी तीन वर्षांपुढे गेली असेल तर ही घट बरीच जाणवते, आणि तिला ठेवण्याचा आग्रह धरण्यात अर्थ राहत नाही.

दिव्याने दिवस लांबवायचा असल्यास तो पिसे पूर्ण आल्यावरच. आधी दिवा लावल्याने कोंबडी अर्ध्या पोशाखात अंड्यावर आणली जाते आणि दोन्ही कामे अर्धवट राहतात. नैसर्गिक उजेड धरून एकूण चौदा तास होतील इतका प्रकाश, दर आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवत, पहाटेच्या बाजूने द्यावा. सायंकाळी दिवा एकदम मालवला तर कोंबड्यांना अंधारात दांडी सापडत नाही.

ज्या कोंबड्या उशिरा आणि गटाने पिसे टाकताना आढळल्या, त्यांच्या पायात रंगीत कडे किंवा सुताचा सैल दोरा तेव्हाच बांधून ठेवावा, कारण माघ उजाडल्यावर सगळ्याच कोंबड्या सारख्या देखण्या दिसू लागतात. माघ-फाल्गुनात अंडी उबवण्यासाठी ठेवायची असतील, तर देशी कळपात या खुणेच्या कोंबड्यांची अंडी वेगळी काढून खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. त्यांची पिले उन्हाळा तापण्यापूर्वी पिसांनी भरतात आणि त्यांतील माद्या पावसाळ्याच्या अखेरीस अंड्यावर येऊ लागतात.